पोकलेनची ठरावीक देखभाल : तक्त्यातले तास आणि कामाची जागा

प्रश्न थोडक्यात असा आहे. दिंडोरी तालुक्यातील एका व्यावसायिकांनी ६,८०० तास चाललेले २० टनी साखळीचे पोकलेन विकत घेतले आहे. आधीच्या मालकाकडे सर्व्हिसिंगच्या नोंदी नाहीत. मशिन वर्षातील निम्मा काळ खडीच्या खाणीत ब्रेकर (दगड फोडणारा हायड्रॉलिक हातोडा) लावून चालते, उरलेला काळ शेततळी खोदण्यासाठी आणि बंधाऱ्यातील गाळ काढण्यासाठी जाते, आणि पावसाळ्यात जवळजवळ उभेच असते. पुस्तिकेत दिलेल्या २५०, ५००, १,००० आणि २,००० तासांच्या तक्त्यातील काय तंतोतंत पाळावे, काय पुढे ढकलता येईल आणि बाजारातील स्वस्त फिल्टर चालतील का, असे त्यांनी विचारले आहे.

नाशिक, सिन्नर आणि इगतपुरी या पट्ट्यातील मशिनांची दुरुस्ती व देखभाल हेच माझे गेल्या बावीस वर्षांचे काम असल्याने, येथील दगड, माती आणि पाऊस डोळ्यांसमोर ठेवूनच उत्तर देतो. तक्त्यातील आकडे ही साध्या खोदाईसाठी, मध्यम धुळीत आणि केवळ बकेट लावून चालणाऱ्या मशिनसाठी दिलेली कमाल मर्यादा असते. आपल्या मशिनचे काम तसे नाही. त्यामुळे पुढे ढकलण्यासारखे त्यात फारसे काही नाही. अलीकडे आणण्यासारखे मात्र पुष्कळ आहे. एक काम आपला ऑपरेटर बहुधा गरजेपेक्षा जास्त वेळा करत असेल, ते म्हणजे एअर फिल्टर रोज काढून झटकणे. त्याविषयी पुढे लिहितो.

नोंदी नसलेल्या मशिनचे अवर मीटर (चाललेले तास मोजणारे) काहीही दाखवत असले, तरी देखभालीच्या दृष्टीने त्याचा हिशोब शून्यापासून धरावा. इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, डिझेलचे दोन्ही फिल्टर, हायड्रॉलिकचे रिटर्न (टाकीत परतणाऱ्या तेलाचा) व पायलट (नियंत्रणाच्या तेलाचा) फिल्टर, स्विंग गिअरबॉक्सचे (वरचा भाग फिरवणाऱ्या) ऑइल आणि दोन्ही फायनल ड्राइव्हचे (साखळी फिरवणाऱ्या गिअरपेट्यांचे) ऑइल एकदाच बदलून घ्यावे आणि त्या दिवसाचे तास वहीत लिहावेत. मात्र ही सर्व तेले काढताना प्रत्येकाचा थोडा नमुना वेगळ्या, कोरड्या आणि स्वच्छ बाटलीत घ्यावा. मशिन चालवून तेल गरम झाल्यावर ते सोडावे, आणि सुरुवातीची धार जाऊ देऊन मधल्या धारेतून नमुना घ्यावा. जुने तेल टाकून देण्यापूर्वी तपासले, तर आधीच्या मालकाने जे सांगितले नाही ते बरेचसे कळते. लोह व क्रोमियम झिजेविषयी सांगतात. सिलिकॉन धुळीविषयी सांगतो. आणि इंजिन ऑइलमध्ये सोडियम किंवा पोटॅशियम वाढलेले दिसले, तर कूलंट (इंजिन थंड ठेवणारे द्रव) कोठून तरी आत येत असल्याची शंका घ्यावी.

आता हायड्रॉलिक तेलाविषयी जरा विस्ताराने लिहितो, कारण या मशिनचा खरा पैसा तेथेच अडकलेला असतो. २० टनी मशिनच्या मुख्य पंपावर सुमारे ३५० बारपर्यंत दाब येतो, आणि पंपातील पिस्टन व सिलेंडर ब्लॉक यांच्यामधली जागा काही मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) ते फार तर तीस-चाळीस मायक्रॉन इतकी असते. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाडीचा धरला, तर पंपाला मारणारा कण डोळ्यांना दिसतच नाही, हे लक्षात येईल. म्हणून बोटावर घेऊन ‘तेल स्वच्छ आहे’ असे म्हणण्याला काही अर्थ नाही. बोटावर दोनच गोष्टी कळतात : तेल दुधाळ दिसले तर पाणी शिरले आहे, आणि काळपट होऊन जळका वास आला तर ते तापून खराब झाले आहे.

खाणीत मी अनेकदा पाहिलेला प्रकार असा की तेलाचे पिंप उघडे असते, वरचा भाग कापलेल्या प्लास्टिकच्या कॅनने तेल काढले जाते, आणि शेजारी क्रशर चालू असतानाच हायड्रॉलिक टाकीचे झाकण उघडून ते ओतले जाते. काही वर्षांपूर्वी अशाच एका ठिकाणी नवे तेल भरल्यानंतर तीन आठवड्यांत पंपाचा जोर गेला म्हणून मला बोलावणे आले. पंप उघडला, तेव्हा व्हॉल्व्ह प्लेटवर (पंपात तेलाची ये-जा ठरवणाऱ्या चकतीवर) गोल चरे पडलेले होते. मालकांचा सगळा राग तेलाच्या कंपनीवर होता. तेल चांगले होते. ते टाकीत गेले त्या वाटेने बारीक काळी भुकटी गेली होती. तेव्हापासून माझा नियम असा आहे की हायड्रॉलिकची टाकी खाणीत उघडायची नाही. मशिन क्रशरपासून दूर, वाऱ्याच्या वरच्या बाजूला न्यावे, टाकीचे झाकण व आजूबाजूचा भाग आधी धुऊन कोरडा करावा, आणि शक्यतो फिल्टर लावलेल्या हातपंपानेच तेल भरावे. हे जमणार नसेल, तर त्या दिवशी तेल बदलू नये, एवढे मी स्पष्ट सांगतो.

पिंपे ठेवण्याची पद्धतही आपल्याकडे चुकते. पिंप पावसात उभे ठेवले की वरच्या झाकणाच्या खोलगट भागात पाणी साचते; दिवसा तेल तापून फुगते, रात्री आकसते, आणि आकसताना बुचाच्या आट्यांतून ते साचलेले पाणी आत ओढले जाते. इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसात हे एका आठवड्यात होते. पिंप छपराखाली ठेवावे, आणि ते शक्य नसेल तर आडवे करून दोन्ही बुचे एका आडव्या रेषेत येतील असे ठेवावे.

तेलाची पातळी पाहताना बूम, आर्म आणि बकेट पुस्तिकेतील चित्राप्रमाणेच ठेवावेत. ही स्थिती प्रत्येक कंपनीची वेगळी असते. सिलेंडर लांब असताना टाकीतले तेल कमी दिसते, म्हणून ऑपरेटर वरून भरतो, आणि सिलेंडर आत घेतले की तेच तेल ब्रीदरमधून, म्हणजे टाकीत हवा ये-जा करते त्या तोंडातून, बाहेर येते. टाकीवरचा ब्रीदरचा फिल्टर सर्वांत स्वस्त आणि सर्वांत विसरलेला भाग आहे. खाणीत काम असेल तर तो ५०० तासांवर बदलावा.

ब्रेकरमुळे हा सारा हिशोब बदलतो. ब्रेकरच्या ठोक्यांनी परत येणाऱ्या तेलात दाबाचे झटके बसतात, तेल जास्त तापते, आणि ब्रेकरच्या सीलमधून दगडाची भुकटी तेलात मिसळते. म्हणूनच मशिन बनवणाऱ्या कंपन्या ब्रेकरसाठी वेगळा तक्ता देतात. साध्या खोदाईत दर्जेदार तेल ४,००० ते ५,००० तासांपर्यंत चालते असे जेथे लिहिलेले असते, त्याच पुस्तिकेत पूर्णवेळ ब्रेकरसाठी तेल ६०० तासांच्या आसपास आणि रिटर्न फिल्टर १०० तासांच्या आसपास बदलण्याची सूचना आढळते. आपले काम निम्मे ब्रेकरचे असल्याने रिटर्न फिल्टर २५० तासांवर आणि तेल १,५०० तासांवर बदलावे, असा माझा सल्ला आहे. नमुन्याचा अहवाल सलग दोनदा स्वच्छ आला, तर तेल २,००० तासांपर्यंत नेता येईल. पुढे ढकलण्यासारखे जे थोडे आहे, त्यांतले हे एक. ब्रेकर काढून बकेट लावताना पाइपांची तोंडे लगेच बुचांनी बंद करावीत. सिमेंटच्या गोणीचा कागद कोंबून ठेवलेले पाइप मी पाहिले आहेत.

तेल बदलताना टाकीत साधारण १२० ते १३५ लिटर तेल असते, पण संपूर्ण प्रणालीत २०० लिटरहून अधिक असते, हे ध्यानात ठेवावे. म्हणजे टाकी रिकामी केल्यावरही बरेचसे जुने तेल सिलेंडर आणि पाइपांत शिल्लक राहते. त्याच वेळी टाकीच्या तळाशी असलेली सक्शनची जाळी काढून धुवावी. नवे तेल भरल्यावर इंजिन सुरू करण्यापूर्वी पंपावरील हवा काढण्याचे बूच सैल करून तेथून बुडबुडे थांबेपर्यंत तेल येऊ द्यावे. हे न करता स्टार्टर मारला तर नवा पंपसुद्धा काही क्षणांत कोरडा घासला जातो. त्यानंतर इंजिन कमी फेऱ्यांवर ठेवून प्रत्येक सिलेंडर चार-पाच वेळा हळू चालवावा, आणि सुरुवातीला शेवटच्या टोकाच्या १०० मिलिमीटर आधी थांबवावा.

काढलेला जुना फिल्टर फेकू नये. तो कापून त्याच्या घड्या उलगडून पाहाव्यात. पिवळसर, पितळेसारखे चमकणारे कण दिसले तर पंपाच्या किंवा मोटारीच्या पिस्टन शूची (पिस्टनच्या टोकाशी घसरणाऱ्या भागाची) झीज सुरू झाली आहे. चुंबकाला चिकटणारे बारीक तुकडे हे पोलादी भागांचे असतात. काळ्या रबराच्या चिंध्या सिलेंडरच्या सीलच्या असतात. अर्ध्या तासाच्या या कामाने मला आजवर जितके पंप वाचवता आले, तितके कोणत्याही यंत्राने वाचवता आलेले नाहीत.

स्वस्त फिल्टरच्या प्रश्नाचे उत्तर येथेच देतो. बाहेरचा डबा सारखाच असतो. फरक आतील कागदाच्या प्रतीत, घड्यांच्या एकूण क्षेत्रफळात आणि फिल्टर तुंबल्यावर उघडणाऱ्या बायपास व्हॉल्व्हच्या स्प्रिंगमध्ये असतो. ती स्प्रिंग नरम असली तर फिल्टर थोडासा भरताच झडप उघडते आणि तेल न गाळता पुढे जाते, आणि हे बाहेरून कोणालाही कळत नाही. इंजिन ऑइलचा फिल्टर नामांकित कंपनीचा, पण मशिनच्या कंपनीचा नसलेला, वापरण्यास माझी हरकत नाही. हायड्रॉलिकचे सर्व फिल्टर आणि डिझेलचा शेवटचा फिल्टर मात्र मूळ कंपनीचाच घ्यावा.

आता एअर फिल्टर. त्याचे दोन भाग असतात : बाहेरचा मोठा आणि आतला लहान. बाहेरचा फिल्टर रोज काढून टायरवर आपटण्याची सवय आपल्याकडे सर्वत्र आहे, आणि ती घातक आहे. प्रत्येक वेळी तो काढताना थोडी धूळ आत पडते, आपटल्याने कागदाला बारीक चिरा जातात आणि कडेचे रबर वाकते. बारा महिने धूळ खाऊन जितके नुकसान होणार नाही, तितके महिनाभर झटकून होते. फिल्टर भरल्याची खूण दाखवणारा इंडिकेटर लाल झाल्यावर किंवा पडद्यावर सूचना आल्यावरच तो काढावा. कोरड्या हवेने, २ बारपेक्षा कमी दाबाने, आतून बाहेरच्या दिशेने साफ करावा, मग आत बल्ब धरून छिद्रे पाहावीत. पाच-सहा वेळा साफ केल्यावर किंवा वर्ष झाल्यावर तो बदलावा. आतला लहान फिल्टर कधीही साफ करायचा नसतो. तो फक्त बदलायचा असतो. रोज करायचे असेल तर फिल्टरच्या डब्याखालचा रबरी धूळ-व्हॉल्व्ह चिमटीत दाबून भुकटी पाडावी, आणि इंजिनकडे जाणाऱ्या रबरी नळीचे क्लॅम्प घट्ट आहेत ना, ते पाहावे.

इंजिन ऑइल १५डब्ल्यू-४० प्रतीचे (हा तेलाच्या घट्टपणाचा आकडा), सीआय-४ (डब्यावर लिहिलेला एपीआय दर्जा) किंवा पुस्तिकेत सांगितलेल्या दर्जाचे असावे. पुस्तिकेत ५०० तास लिहिलेले असले, तरी खाणीतील धुळीत आणि आपल्याकडे मिळणाऱ्या डिझेलची खात्री नसताना ते २५० तासांवर बदलणे मला शहाणपणाचे वाटते. डिझेल पिंपातून भरत असाल, तर पिंप एक रात्र स्थिर राहू द्यावे आणि तळाचे चार बोटे डिझेल मशिनमध्ये घालू नये. टाकी संध्याकाळी काम संपल्यावर भरावी. रिकाम्या टाकीत निफाडकडच्या थंडीच्या रात्री दव धरते. सकाळी पाणी वेगळे करणाऱ्या फिल्टरचा खालचा नळ उघडून पाणी सोडावे. इंजिन कॉमन रेलचे (सर्व इंजेक्टरना एकाच उच्च दाबाच्या नळीतून डिझेल देणारे) असेल तर इंजेक्टरवर १,००० बारहून अधिक दाब असतो आणि पाण्याचा थेंबही महागात पडतो. डिझेलचा नवा फिल्टर बसवताना तो कॅनमधल्या डिझेलने भरून लावू नये, हातपंपाने भरावा. टर्बो असलेले इंजिन बंद करण्यापूर्वी पाच मिनिटे आयडलवर, म्हणजे भाराविना कमी फेऱ्यांवर, ठेवावे, हे ऑपरेटरला माहीत असते. जेवणाची सुट्टी झाली की तो विसरतो.

रेडिएटर व हायड्रॉलिक ऑइल कूलर यांच्या पाकळ्यांत येथे ऋतूनुसार वेगवेगळ्या गोष्टी अडकतात. मार्च-एप्रिलमध्ये गव्हाचा भुसा, कांदा निघतो तेव्हा त्याची पापुद्र्यासारखी टरफले, आणि खाणीत तेलकट जागी चिकटून दगडासारखी होणारी भुकटी. हवा किंवा पाणी पंख्याच्या बाजूने बाहेरच्या दिशेने आणि सरळ मारावे. तिरके मारल्यास पाकळ्या वाकतात. बोअरचे जड पाणी रेडिएटरमध्ये घालू नये, त्याचे क्षार आतून थर धरतात. शुद्ध केलेले पाणी आणि कूलंट समप्रमाणात घ्यावे व २,००० तासांनी किंवा दोन वर्षांनी बदलावे. पंख्याचा पट्टा, बॅटरीचे पाणी, केबिनच्या एसीचा फिल्टर ही कामे २५० तासांच्या सर्व्हिसिंगमध्ये सहज होतात. टॅपेटचे (इंजिनच्या व्हॉल्व्हचे) अंतर पुस्तिकेतील तासांवर जाणत्या मिस्त्रीकडून तपासून घ्यावे.

साखळी, रोलर, आयडलर (पुढचे मोकळे चाक) आणि स्प्रॉकेट (साखळी ओढणारे दातेरी चाक) यांचा खर्च एकूण दुरुस्तीखर्चाच्या निम्म्यापर्यंत जातो, असे या धंद्यात धरले जाते. येथे देखभाल म्हणजे मुख्यतः साखळीचा ताण आणि स्वच्छता. आपल्या दोन कामांना दोन वेगवेगळे ताण लागतात. खडकावर साखळी पुस्तिकेतील मर्यादेत थोडी ताठ असावी, नाहीतर ती उतरते. गाळात आणि काळ्या मातीत मात्र ती थोडी सैल ठेवावी, कारण माती स्प्रॉकेटच्या दातांत आणि लिंकांत ठासून भरली की साखळी आपोआप आवळली जाते आणि पिन, बुश व फायनल ड्राइव्ह या सर्वांवर भार येतो. ताण मोजताना एक बाजू बूमच्या जोरावर उचलावी, साखळी फिरवून माती पाडावी, आणि फ्रेमच्या तळापासून लोंबलेल्या शू प्लेटपर्यंतचे (साखळीच्या पट्टीपर्यंतचे) अंतर मोजावे. बंधाऱ्याच्या कामावरून परतताना साखळी धुवावी. रात्रभर वाळलेली काळी माती सकाळी पहारीनेही निघत नाही.

साखळी सैल करताना ग्रीसचा व्हॉल्व्ह एका आट्याहून अधिक कधीही उघडू नये, आणि त्याच्या समोर तोंड किंवा हात धरून बसू नये. आतल्या ग्रीसवर प्रचंड दाब असतो, आणि व्हॉल्व्ह गोळीसारखा सुटतो. हायड्रॉलिक पाइपची गळती शोधतानाही हात फिरवू नये, पुठ्ठा धरावा. दाबाखालचे तेल सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून कातडीत शिरते. जखम किरकोळ दिसली, तरी त्याच तासात शल्यचिकित्सकाकडे न्यावे लागते. उशीर झाल्यास बोट किंवा हात गमावण्याची वेळ येते.

लांबचे अंतर मशिन चालवत नेऊ नये, ट्रेलरवर न्यावे. थोडेच जायचे असेल तर स्प्रॉकेट मागे राहील अशा रीतीने जावे. वेगाने उलटे चालवल्यास बुश आणि स्प्रॉकेट यांची झीज वाढते. फायनल ड्राइव्हचे ऑइल तपासताना एक बूच बरोबर खाली आणि पातळीचे बूच आडव्या रेषेत येईल असे मशिन उभे करावे. गाळात काम झाल्यावर तेल दुधाळ दिसल्यास फ्लोटिंग सील (पाणी-चिखल आत येऊ न देणारे) गेले आहे, आणि अशा वेळी १,००० तासांची वाट पाहू नये.

ग्रीसिंगबाबत एवढेच, की बकेटच्या पिनांना रोज, आणि पाण्यात किंवा चिखलात काम झाले असेल तर काम संपताच ग्रीस द्यावे, म्हणजे आत गेलेले पाणी बाहेर ढकलले जाते. स्विंग सर्कलला (वरचा भाग ज्यावर फिरतो त्या गोल बेअरिंगला) २५० तासांवर ग्रीस देताना बकेट जमिनीवर टेकवावी; मग माणूस बाजूला झाल्याची खात्री करून, बकेट उचलून थोडे फिरवावे, बकेट टेकवावी आणि पुन्हा ग्रीस द्यावे. पावसाळा संपल्यावर स्विंग पिनियनच्या (वरचा भाग फिरवणाऱ्या लहान दातेरी चाकाच्या) ग्रीसचे झाकण उघडून पाहावे. ग्रीस पांढरे पडले असेल तर त्यात पाणी आहे आणि ते सगळे काढावे लागते.

जून ते सप्टेंबर मशिन उभे राहणार असेल तर सिलेंडरचे रॉड शक्य तितके आत घेऊन उघड्या भागाला ग्रीस लावावे, डिझेलची टाकी भरून ठेवावी, आणि महिन्यातून एकदा इंजिन सुरू करून, तेल गरम झाल्यावर सर्व हालचाली कराव्यात. नुसते इंजिन सुरू करून दहा मिनिटांत बंद केल्यास आत दव धरते आणि उपयोगापेक्षा अपाय जास्त होतो.

आपल्या मशिनसाठी आत्ता सर्व तेले बदलल्यावर पुढील नमुना ७,०५० तासांच्या आसपास घ्यावा, आणि पहिल्या अहवालाशी तो ताडून पाहावा. हायड्रॉलिकमध्ये सिलिकॉन वाढलेला दिसला तर ब्रीदर आणि ब्रेकरचे सील आधी पाहावेत. इंजिन ऑइलमध्ये वाढलेला दिसला तर एअर फिल्टरपासून टर्बोपर्यंतची प्रत्येक नळी आणि प्रत्येक क्लॅम्प हाताने तपासावा.